पिंपळगावच्या उन्हाचा हिशेब

निफाड तालुक्यात शेतीची वीज पाळीने येते. आठवड्यातले काही दिवस दिवसा, उरलेले दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की पिंपळगाव बसवंतच्या आजूबाजूच्या मळ्यांत मध्यरात्रीनंतर बॅटऱ्या हलताना दिसतात. मोटारीला ऑटो बसवलेला असतो, लाइट आली की ती आपोआप सुरू होते. पण व्हॉल्व्ह फिरवायला, निसटलेली लॅटरल जोडायला, कांद्याच्या वाफ्याला बारं द्यायला माणूस लागतोच. गोदाकाठच्या उसात वाढलेला बिबट्या आता तालुक्यात कुठेही दिसतो. विंचू, साप तर पूर्वीपासून आहेत. पहाटे तीनला एकटा माणूस रानात जातो आणि घरातली बाई तो परत येईपर्यंत जागी असते. सौरपंपाबद्दल इथे विचारलेला पहिला प्रश्न म्हणूनच ‘बिल किती वाचेल’ असा नसतो. ‘दिवसा पाणी मिळेल का’ असा असतो.

पैशाच्या हिशेबाची सुरुवातही याच प्रश्नापासून करावी लागते, कारण बिलाचा मुद्दा महाराष्ट्रात जवळपास निकाली निघाला आहे. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेखाली एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे बिल सरकार भरते. राज्यातले सुमारे ४४ लाख शेतकरी त्यात येतात. योजनेची मुदत मार्च २०२९ पर्यंत आहे आणि मध्ये तीन वर्षांनी आढावा घेण्याची तरतूद आहे. म्हणजे ज्याच्या विहिरीवर पाच अश्वशक्तीची मोटार आणि चालू जोडणी आहे, त्याला सौरपंपाने आज एक रुपयाचेही बिल वाचत नाही. ‘बिल शून्य’ सांगून पॅनल विकणाऱ्याचे कोष्टक इथल्या बहुतेक मळ्यांना लागू पडत नाही.

लागू पडते ते ज्याच्याकडे जोडणीच नाही त्याला. वाटणीनंतर भावाच्या विहिरीवरून पाणी घेणारा, नवी विहीर खोदलेला, कोटेशन भरून वर्षानुवर्षे खांबाची वाट बघणारा. नव्या जोडणीसाठी अर्ज करणाऱ्याला आता बहुतेक वेळा सौरपंपाचाच रस्ता दाखवला जातो. केंद्राने २०१९ मध्ये पीएम-कुसुम योजना आणली. तिच्या ‘ब’ घटकात विजेच्या जाळ्याशी न जोडलेले सौरपंप येतात. मूळ आराखड्यात केंद्र ३० टक्के, राज्य किमान ३० टक्के आणि उरलेला भार शेतकऱ्याचा, अशी विभागणी होती. महाराष्ट्राने शेतकऱ्याचा वाटा १० टक्क्यांवर आणला, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्क्यांवर. २०२४ पासून ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ या नावाने महावितरण ही योजना राबवते. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत पाच आणि त्यापुढे साडेसात, असे पंपाचे माप जमिनीवरून ठरते. पाच अश्वशक्तीच्या संचाची पूर्ण किंमत साधारण सव्वातीन लाखांच्या आसपास धरली, तर सर्वसाधारण शेतकऱ्याच्या खिशातून बत्तीस-तेहतीस हजार जातात.

हे पैसे किती दिवसांत फिटतात? जोडणी नसलेला माणूस आज डिझेल इंजिन लावतो. पाच अश्वशक्तीचे इंजिन तासाला साधारण एक लिटर पिते आणि डिझेल नव्वद रुपयांच्या घरात आहे. वर्षाला पाचशे तास पाणी धरले तर ४५ हजार रुपये नुसते जळतात. तेल, गाळणी, इंजिन सुरू करायला जाणारा वेळ वेगळा. म्हणजे अनुदानाचा पंप एका वर्षाच्या आत फिटतो. अशा माणसाने फार विचार करत बसू नये, अर्ज भरावा.

तोच पंप विनाअनुदान घ्यायचा ठरवला की चित्र उलटते. सव्वातीन लाखांसाठी ११ टक्क्यांनी सात वर्षांचे कर्ज काढले तर वर्षाला सुमारे ६९ हजारांचा हप्ता बसतो. ४५ हजारांचे डिझेल वाचवायला ६९ हजार भरणे हा तोटाच आहे. साडेसातशे-आठशे तास पंप चालणार असेल, तरच ते जमते. सौरपंप ‘परवडतो’ असे आपण म्हणतो तेव्हा शंभरातले नव्वद रुपये सरकारने दिलेले असतात, ही गोष्ट स्पष्टपणे डोळ्यांसमोर ठेवलेली बरी. अनुदान थांबले तर आजचा शहाणपणाचा निर्णय उद्या तसा राहणार नाही.

आता द्राक्षाकडे येऊ, कारण पिंपळगावात कोणताही हिशेब शेवटी बागेवर येऊन थांबतो. टोमॅटो आणि कांद्याने इथले मार्केट गजबजते, पण माणसाने आयुष्यभराचे भांडवल घातलेले असते ते द्राक्षात. बागेच्या दोन छाटण्या: एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. पाण्याची सर्वांत मोठी ओढ एप्रिल-मेमध्ये लागते. नव्या फुटी वाढत असतात, बाष्पीभवन दिवसाला दहा-बारा मिलिमीटरवर जाते आणि मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशींच्या हिशेबाने एकरी दिवसाला पंधरा ते वीस हजार लिटर पाणी द्यावे लागते. नेमक्या याच दोन महिन्यांत निफाडच्या आकाशात ऊन सर्वांत जास्त असते. पाच अश्वशक्तीच्या पंपाला ४,८०० वॉटची पॅनल असतात. विहीर आणि ठिबकचा दाब मिळून पन्नास मीटर हेड धरले, तर स्वच्छ उन्हाच्या दिवशी हा संच लाखभर लिटरच्या आसपास पाणी उचलतो. चार-पाच एकर बागेला कागदावर ते पुरते. पावसाळ्यात ढगांमुळे उत्पादन घटते, पण तेव्हा बागेला पाणी नकोच असते. पिकाचे आणि उन्हाचे वेळापत्रक इतके जुळणारी पिके फार थोडी आहेत आणि द्राक्ष त्यांतले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कागदाबाहेर मात्र दोन अडचणी येतात. पहिली दाबाची. ठिबकला एकसारखा दाब लागतो. सकाळी साडेआठला पंप हळू चालतो, दुपारी भरात येतो, मध्येच एक ढग आला की प्रवाह पडतो. व्हेंचुरीतून खत सोडलेले असताना दाब पडला, तर ओळीच्या शेवटच्या वेलींना खत कमी पोचते. दुसरी अडचण थंडीची. तिच्याबद्दल योजनेच्या पत्रकात एक ओळही नसते, म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो.

निफाड हा राज्यातला अतिथंड टापू आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा नोंदवला जातो आणि डिसेंबर-जानेवारीत तो आकडा राज्यभर छापून येतो. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस तो २ अंशांच्याही खाली गेला होता. त्या वेळी बागेत मण्यांत पाणी उतरण्याचा, फुगवणीचा किंवा साखर भरण्याचा काळ असतो. कडाक्याच्या थंडीने मण्यांना तडे जातात, फुगवण थांबते. मग शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, धूर करतात आणि विहिरीचे कोमट पाणी ठिबकने किंवा पाटाने सोडतात. वेळ पहाटे तीन ते सहा. सौरपंपाला त्या वेळी ऊन नसते. वर्षभर दिवसा पाणी देऊन सुखावलेल्या माणसाची बाग नेमकी या चार-सहा रात्री उघडी पडते, आणि निर्यातीच्या मालाचे नुकसान त्या रात्रींतच होते. म्हणूनच ज्यांच्याकडे चालू वीजजोडणी आहे, त्यांनी ती सोडून केवळ सौरपंपावर जाऊ नये. थंडीच्या त्या चार-सहा रात्रींसाठी जोडणी जपून ठेवावी.

या दोन्ही अडचणींवर इथल्या माणसांनी शोधलेला उपाय शेततळे हा आहे. प्लास्टिक अंथरलेली मोठी शेततळी निफाड, दिंडोरी, चांदवडच्या द्राक्षपट्ट्यात गावोगाव दिसतात. विहिरीवरचा सौरपंप दिवसभर, जमेल त्या दाबाने, तळ्यात पाणी टाकत राहतो. ढग आला तरी बिघडत नाही, कमी पाणी पडते इतकेच. मग तळ्यावरच्या विजेच्या मोटारीने, पाळी असेल तेव्हा, एकसारख्या दाबाने बाग भिजवली जाते. विजेची बॅटरी महाग असते आणि काही वर्षांत बदलावी लागते. तळे ही पाण्याच्या रूपातली बॅटरी आहे आणि ती बहुतेकांकडे आधीच आहे. सौरपंप, शेततळे आणि जुनी जोडणी या तिन्ही गोष्टी असलेला मळा आजच्या घडीला सर्वांत सुरक्षित आहे. पंपाच्या किमतीत तळ्याची किंमत धरायची की नाही, यावर वाद घालता येईल. माझ्या मते धरू नये, कारण तळे पावसाळ्यातल्या पाण्यासाठी केलेले असते.

पॅनलचे आयुष्य पंचवीस वर्षांचे सांगतात आणि ते खरे आहे. दरवर्षी अर्धा-पाऊण टक्का क्षमता घटते, तरी पंचविसाव्या वर्षीही पॅनल ८० टक्क्यांच्या आसपास वीज देते. पण पंप म्हणजे नुसते पॅनल नव्हे. त्याखाली कंट्रोलर आहे, विहिरीत मोटार आहे, सांगाडा आणि वायरी आहेत. योजनेत पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आणि विमा मिळतो. कंट्रोलर बहुधा सहा-आठ-दहा वर्षांत कधीतरी जातो. म्हणजे खरा प्रश्न सहाव्या वर्षी उभा राहतो: त्या कंपनीचा माणूस तेव्हा तालुक्यात असेल का? विजेच्या मोटारीचे वाइंडिंग पिंपळगावात अनेक ठिकाणी होते, रात्री आठला नेऊन सकाळी मोटार परत मिळते. सौर कंट्रोलर दुरुस्त करणारा हात गावात अजून तेवढ्या सहज सापडत नाही. ऐन मे महिन्यात आठ दिवस पंप बंद राहिला तर कोवळी फूट सुकते आणि पुढच्या हंगामाच्या घडांची संख्या घटते. ते नुकसान कंट्रोलरच्या किमतीच्या कित्येक पट असते. ‘मागेल त्याला’ योजनेत पुरवठादार निवडण्याचा अधिकार शेतकऱ्याला आहे. तो वापरताना पॅनलचा ब्रँड नंतर बघावा. जवळ सेवा केंद्र कुठे आहे आणि आधी बसवलेले पंप बिघडल्यावर किती दिवसांत सुरू झाले, हे शेजारच्या गावात जाऊन विचारावे.

गारपिटीची भीती इथे सगळ्यांना आहे आणि ती रास्त आहे. मार्च २०१४ आणि २६ नोव्हेंबर २०२३, या तारखा निफाडमध्ये कोणाला आठवून सांगाव्या लागत नाहीत. पॅनलची काच कडक केलेली असते आणि प्रमाणित चाचणीत २५ मिलिमीटरची गार ताशी ८० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने मारून ती तपासतात. त्याहून मोठी गार पडली तर काच फुटू शकते, तेव्हा विमा उपयोगी पडतो. नुकसानीची सूचना मुदतीत देणे आणि छायाचित्रे काढून ठेवणे मात्र आपल्या हातात आहे. बागेलगत बसवलेल्या पॅनलवर आणखी एक गोष्ट साचते. ब्लोअरने मारलेल्या बोर्डो आणि गंधकाचा थर. धुळीपेक्षा तो चिवट असतो. फवारणीनंतर पॅनल साध्या पाण्याने धुतले नाही तर उत्पादन घटते, आणि ही घट डोळ्यांना दिसत नाही, फक्त तळे भरायला जास्त दिवस लागतात.

ज्यांची पाइपलाइन कादवा किंवा गोदावरीवरून दोन-तीन किलोमीटर येते आणि ज्यांच्या मोटारी पंधरा-वीस अश्वशक्तीच्या आहेत, त्यांना अनुदानित सौरपंप पुरणारा नाही. अनुदान साडेसात अश्वशक्तीपर्यंतच आहे आणि मोफत विजेची मर्यादाही तीच. त्यांच्यासाठी आशा आहे ती सौर वाहिनीत.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली. राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातले कोळंबी ही तिची पहिली गावे. २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. उपकेंद्राजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभारायचा आणि त्या उपकेंद्राच्या शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची, अशी ही रचना आहे. शेतकऱ्याला स्वतःच्या रानात काही बसवावे लागत नाही, मोटार तीच, फक्त पाळी दिवसाची होते. वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावात २०२४ मध्ये तीन मेगावॉटचा प्रकल्प सुरू झाला. दुसऱ्या आवृत्तीतला तो पहिला. सरकारला यात रस आहे, कारण ही वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते आणि नेहमीची वीज शेतापर्यंत पोचवायला याच्या दुपटीहून जास्त खर्च येतो. पिंपळगावच्या फीडरवर दिवसाची वीज नियमित आली, तर एकट्याने सौरपंप घेण्याचे निम्मे कारणच उरणार नाही. अर्ज भरण्यापूर्वी आपल्या उपकेंद्राचे काम कुठवर आले आहे, हे महावितरणच्या कार्यालयात विचारणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

याच योजनेत जमीन भाड्याने देता येते आणि अलीकडे त्याची चर्चा फार आहे. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, म्हणजे एकरी पन्नास हजार रुपये, दरवर्षी तीन टक्के वाढ. आकडा ऐकायला चांगला आहे. तीन टक्क्यांच्या वाढीने पंचविसाव्या वर्षी तो एकरी लाखभर होतो. येवला, नांदगाव, सिन्नरच्या मुरमाड माळावर, जिथे पावसाळ्यात बाजरी सोडून काही येत नाही, तिथे हे भाडे म्हणजे वरदान आहे. पण पिंपळगावचे काळे, पाटपाण्याचे रान असे भाड्याने देणे मला चूक वाटते. एका वाईट वर्षाने माणूस खचतो. द्राक्षाला भाव नाही, टोमॅटो रस्त्यावर ओतावा लागतो, अशा वेळी खात्रीचे पन्नास हजार डोळ्यांत भरतात. करार मात्र एका वर्षाचा नसतो. आज पंचेचाळिशीत असलेला बाप सही करील आणि जमीन मोकळी होईल तेव्हा नातू शेतीच्या वयात येईल. पालखेड धरणाचे पाणी मिळवायला या तालुक्याच्या दोन पिढ्या झटल्या. ते पाणी पॅनलखाली वाहू देऊ नये.

पैशाच्या दृष्टीने पॅनल बसवायला तालुक्यातली सर्वांत चांगली जागा रानात नाहीच. ती आग्रा रोडच्या दोन्ही बाजूंच्या पॅकहाउस आणि शीतगृहांच्या पत्र्यांवर आहे. जानेवारी ते एप्रिल द्राक्ष काढणीचा हंगाम. माल प्रीकूलिंगमध्ये काही तासांत थंड करून शून्य अंशाच्या आसपास ठेवावा लागतो, कॉम्प्रेसर दिवसरात्र चालतात आणि हे बिल कोणी माफ करत नाही. पन्नास किलोवॉटचा संच वर्षाला साधारण ७० हजार युनिट देतो. युनिटला सात रुपये वाचतात असे धरले तर वर्षाला पावणेपाच-पाच लाख. खर्च बावीस ते पंचवीस लाख. पाच वर्षांत पैसे वसूल, वर व्यवसायासाठी आयकरात ४० टक्के घसारा. नेट मीटरिंगच्या खात्याचे वर्ष एप्रिलपासून मार्चपर्यंत चालते आणि हे द्राक्षवाल्यांना सोयीचे आहे: उन्हाळा आणि दिवाळीत जमा झालेले युनिट जानेवारी-मार्चच्या गर्दीत वापरून टाकता येतात. मात्र दिवसा जमा झालेल्या युनिटची वजावट रात्रीच्या वापरातून मिळते की नाही, हे ग्राहकाच्या प्रवर्गावर आणि वेळेनुसारच्या दरांवर अवलंबून असते. शीतगृहाचा निम्मा वापर रात्रीचा असल्याने याचे उत्तर लेखी घेतल्याशिवाय संचाचे माप ठरवू नये.

बागेवरच पॅनल उभारण्याची कल्पनाही कानावर येते. दक्षिण फ्रान्समध्ये प्योलांक इथे वेलींवर फिरत्या पॅनलचे प्रयोग झाले आणि पाण्याची गरज १२ ते ३४ टक्क्यांनी घटल्याचे सांगितले गेले. ती वाइनची द्राक्षे होती आणि तिथली छाटणी वर्षातून एकदा होते. आपल्याकडे खरड छाटणीनंतर डोळ्यांत घडनिर्मिती होताना भरपूर सूर्यप्रकाश लागतो, तेव्हा सावली पडली तर पुढच्या वर्षी काडीवर घडच दिसणार नाहीत. परभणीच्या कृषी विद्यापीठात पॅनलखालच्या पिकांचे प्रयोग झाले आहेत. द्राक्षावर ते संशोधन केंद्रांनी करावेत. कर्ज डोक्यावर असलेल्या शेतकऱ्याने स्वतःच्या बागेवर करू नयेत.

सौरपंपाच्या हिशेबात एक मोठी रक्कम आज कोणाच्याच खात्यावर जमा होत नाही. पाच अश्वशक्तीचा संच वर्षाला साडेसहा हजारांहून जास्त युनिट तयार करू शकतो. पावसाळ्याचे चार महिने, छाटणीपूर्वीची विश्रांती, तळे भरल्यानंतरचे दिवस वजा केले, तर निम्मी वीज तरी वाया जाते. पंपाला वीजजाळ्याची तार जोडलेली नसते, त्यामुळे ती विकता येत नाही. गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावात २०१६ मध्ये सहा शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी मंडळी काढली. आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेने त्यांना साहाय्य केले. शेताला पाणी दिल्यावर उरलेली वीज मंडळी एकाच मीटरमधून वीज कंपनीला विकू लागली, युनिटला ४ रुपये ६३ पैसे दराने, पंचवीस वर्षांच्या कराराने. पाणी जास्त उपसले तर विकायला वीज कमी उरते, म्हणून विहिरीही राखल्या जातात.

ही गोष्ट निफाडला परकी वाटू नये. पिंपळगावपासून जवळच, ओझरला, बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वाघाडच्या कालव्यावर पाणीवापर संस्था उभ्या केल्या. घनमीटरने पाणी मोजून घेणे, पट्टी वेळेवर भरणे, टेलच्या शेतकऱ्याला आधी पाणी देणे, हे सगळे शेतकऱ्यांनीच चालवले आणि पुढे पूर्ण प्रकल्पाचे व्यवस्थापन त्यांच्या महासंघाकडे आले. पाण्याचे मीटर ज्यांनी इतकी वर्षे सांभाळले, त्यांना विजेचे मीटर अवघड नाही. एका फीडरवरच्या पंधरा-वीस सौरपंपांना तार जोडून संस्थेमार्फत शिल्लक वीज घ्यावी, एवढी मागणी तालुक्याने महावितरणकडे एकमुखाने करायला हवी. दर ढुंडीचा नको, सौर वाहिनीची वीज सरकार जितक्याला घेते तितकाच, तीन रुपये धरा. सव्वातीन हजार युनिट उरले तर एका पंपामागे वर्षाला नऊ-दहा हजार रुपये येतात. पाच वर्षांत ते पंचेचाळीस-पन्नास हजार होतात, आणि हमी संपल्यावर सहाव्या वर्षी जळालेला कंट्रोलर त्यातून बदलता येतो.